जुनी गाडी मिस मारते? सेन्सर विकत घेण्याआधी हे पाहा

माझ्या २०१४ च्या पेट्रोल गाडीनं गेल्या उन्हाळ्यात गचके द्यायला सुरुवात केली. स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. गॅरेजवाला म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला. मी मुकाट बदलून घेतला, गचके तसेच. शेवटी दोष निघाला बोटाएवढ्या व्हॅक्यूम पाइपात. उन्हानं कडक होऊन तडकला होता आणि तिथून जास्तीची हवा आत शिरत होती. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता.

म्हणून आधी लक्षणं टिपा. उड्डाणपूल चढताना जोर लावला की मिस मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नसेल, तर संशय ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर आणि त्याला करंट देणाऱ्या कॉइलवर. सिग्नलला उभी असतानाच थरथरते आणि वेगात नीट चालते, तर हवेची गळती. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी पुढे रेटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खर्च जड पडतो.

मग कोड वाचा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथ स्कॅनर बसतो. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर मिस मारतोय (मिसफायर), पी ०३०० म्हणजे ठरावीक असा एकच नाही. मिसफायरसोबत ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला तर मिसफायर आधी सोडवा. पेट्रोल जळलं नाही की त्या वाटणीचा ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, आणि सेन्सरला वाटतं पेट्रोलच कमी आहे.

आता अदलाबदल, यात पैसे लागत नाहीत. समजा पी ०३०२ आला आणि गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. इंजिन थंड असताना, चावी काढून, दोन आणि तीन नंबरच्या कॉइली एकमेकींच्या जागी बसवा. कोड पुसा, रिंग रोडला दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारा. आता पी ०३०३ आला तर कॉइल खराब. पी ०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल, मग इंजेक्टरची (पेट्रोल फवारणारा भाग). तरीही दोनच, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजून घ्या, ते गॅरेजचं काम. प्लग काढताना तो बसतो त्या खोल विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. नुसता प्लग बदलून महिनाभरात पुन्हा तेच होईल. कॉइलऐवजी प्लग वायर असतील तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून त्यांवर पाण्याचा हलका फवारा मारा. करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब.

सेन्सरपाशी आलात की आधी कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड. नागपूरच्या महाल भागातले एक जुने मिस्त्री म्हणाले होते, ‘कपलर पाहा ना भाऊ आधी, सेन्सर कुठं पळून चालला काय?’ पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवा गंज चढतो, उंदीर वायर कुरतडतात. कूलंट सेन्सरची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा) परीक्षा सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर, इंजिन चालू न करता करा. चावी ऑन केली की स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. जानेवारीत दोन्ही १४-१५ अंश आले तर ठीक. मे महिन्यात कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलीय किंवा कपलर निघालाय. कपलर काढून मल्टिमीटरनं पाहा: एका वायरवर ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. ते येत असतील तरच सेन्सरवर शंका घ्या.

आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत खरा छळतो तो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का आणि किती हे सांगणारा. गाडी सिग्नलला तापून बंद पडते, अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू होते. अशी बंद पडली की लगेच स्कॅनर लावून सेल मारा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्यच, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. सेन्सर हाताशी असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. गाडी सुरू झाली, तर नवा सेन्सर आणायला हरकत नाही.