आयब्रो टॅटूचा टचअप चुकलाय किंवा करायचाच नाहीये? मग एवढं वाचा

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा पुण्याहून फोन, आवाज अगदी रडवेला, म्हणे ताई माझ्या भुवया नारिंगी झाल्यात, पार्लरवाली म्हणते वर्षाचा टचअप चुकवलास त्याचं हे फळ, आता परत पैसे भर. मी म्हटलं आधी त्या बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखालून बाहेर ये, खिडकीपाशी उभी राहा आणि फोटो पाठव. फोटो आला तर नारिंगी वगैरे काही नाही, फिकट विटकरी झाक होती, माझ्याही भुवयांना दुसऱ्या वर्षी हीच आली होती आणि मी नंतर एकही टचअप न करता साडेतीन वर्षं काढलीत. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी हा टॅटूचा रंग आपोआप जातो का ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अंधारात. आमच्या आजीच्या कपाळावरचं गोंदण ती गेली तोपर्यंत होतं, कडा पसरलेल्या, रंग हिरवट निळा, पण होतं. ते काजळीचं, म्हणजे कार्बनचं, आणि सुई चांगली खोल गेलेली. आयब्रो टॅटू म्हणून पार्लरमध्ये जे मायक्रोब्लेडिंग करतात त्यात बारीक सुयांच्या पात्याने त्वचेच्या वरच्या भागातच रेघा मारतात आणि त्यात रंग भरतात, आणि तो रंग बऱ्याचदा आयर्न ऑक्साइडचा असतो, काळा लाल पिवळा मिसळून केलेला ब्राऊन. इतक्या वरच्या रंगाला शरीर शांत बसू देत नाही, साफसफाई करणाऱ्या पेशी त्याचे बारीक कण थोडे थोडे उचलून नेतात, वरून ऊन त्याला विटवतं. म्हणजे तुम्ही काही चुकवलं म्हणून रंग उडत नाही, तो उडायलाच घातलेला असतो. टचअप म्हणजे फक्त परत भर घालणं.

आता दोन टचअपमधला फरक, इथे सगळ्यांचा घोळ होतो आणि माझाही झाला. पहिला टचअप असतो सहा ते आठ आठवड्यांनी, तो खरं तर टचअप नाहीच, कामाचा दुसरा अर्धा भाग आहे. पहिल्या सिटिंगला कुठे रंग धरला, कुठे खपलीबरोबर निघून गेला ते बघून तेव्हा भरतात. मी मुलाच्या परीक्षेच्या नादात तो बुडवला, पैसे आधीच दिलेले असूनही. मी झोपते डाव्या कुशीवर, त्यामुळे डाव्या भुवईची खपली उशीला घासून लवकर निघाली आणि ती भुवई पहिल्या दिवसापासून उजवीपेक्षा फिकट राहिली, अजून आहे. तेव्हा पहिला चुकवू नका. दुसरा म्हणजे वर्ष दीड वर्षांनी करतात तो, तो मात्र पूर्णपणे तुमच्या मर्जीचा.

आणि हो, नवीन करून घेतलेल्यांनी दोन तीन आठवड्यांत घाबरू नका. पहिले तीन चार दिवस कोळशाने काढल्यासारख्या गडद, मग खपल्या, मग एकदम वाटतं सगळं गेलं, पैसे बुडाले. वर नवीन कातडी आलेली असते, तिच्याखालून रंग परत वर दिसायला महिना दीड महिना लागतो. तोवर नखाने खरवडायचं नाही, स्विमिंग नाही, थ्रेडिंग नाही.

सोडून दिलं तर कसं जातं? सगळीकडून सारखं जात नाही, हे आधीच मनात धरून ठेवा. माझी स्किन तेलकट, ठाण्याचा घाम वेगळाच, त्यामुळे सहा सात महिन्यांत केसांसारख्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून पावडर लावल्यासारखं दिसायला लागलं. तेलकट त्वचेवर मायक्रोब्लेडिंगचं हे होतंच, म्हणूनच अशांना मशीनने ठिपके मारून करतात ते पावडर ब्रो बरे, ते टिकतातही जास्त. वर्षभराने नाकाकडचा भाग फिका पडला. दुसऱ्या वर्षी ती विटकरी झाक आली, कारण मिश्रणातला गडद भाग आधी कमी झाला आणि लाल मागे राहिला. रंग कार्बनचा असेल किंवा सुई खोल गेली असेल तर उलटं होतं, राखाडी निळसर दिसतं, आजीच्या गोंदणासारखंच, खोलवरचा काळा रंग कातडीतून बघताना निळाच दिसतो. साधारण दोन तीन वर्षांत बराचसा जातो, पण अगदी कोरी पाटी होईलच असं धरून चालू नका, पुसट सावली कितीतरी वर्षं राहू शकते.

करायचं काय तर सगळ्यात आधी दर महिन्याच्या १ तारखेला त्याच खिडकीत, सकाळच्या त्याच उजेडात, मेकअप न लावता फोटो काढायचा. रोज आरशात बघून काही कळत नाही, आणि पार्लरमध्ये जाऊन विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. फोटो शेजारी शेजारी ठेवले की समजतं रंग खरंच उतरतोय का नुसता आपल्याला कंटाळा आलाय. दुसरं, कोणतं पिगमेंट म्हणजे रंग वापरला त्याच्या बाटलीच्या लेबलचा फोटो मागून घ्या, आज नको वाटलं तरी पुढे टॅटू काढायला लेझर करायची वेळ आली तर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

हळूहळू आणि नीट उतरायला हवा असेल तर सनस्क्रीन लावा, भुवयांवरसुद्धा. हे उलटं वाटेल, ऊन लागलं तर लवकर जाईल ना मग लागू दे की. पण उन्हाने रंग धड जात नाही, विटतो, आणि आजूबाजूची कातडी काळवंडते ते वेगळंच. क्रीमवालं सनस्क्रीन केसांत पांढरं अडकतं म्हणून मी स्टिक वापरते, एसपीएफ ३० च्या वरची. पुण्यातल्या स्कूटीवाल्यांचं बरं असतं, स्कार्फ थेट भुवयांपर्यंत गुंडाळलेला.

नाईट सीरममध्ये असतात त्या रेटिनॉल, ग्लायकोलिक अ‍ॅसिड असल्या गोष्टींनी वरची कातडी भराभर बदलते आणि रंगही जरा लवकर फिकटतो. ज्यांना टिकवायचाय त्यांनी नाईट सीरम लावायच्या आधी भुवयांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि सीरम लांबूनच लावा. ज्यांना घालवायचाय त्यांनी मुद्दाम थोडं भुवईपर्यंत जाऊ दिलं तर चालतं, पण जखम पूर्ण भरल्यावरच, डोळ्यांपासून लांब, आणि प्रेग्नंट असाल किंवा प्लॅन करत असाल तर रेटिनॉल नकोच. चमत्कार होणार नाही, फरक दिसायला महिने जातात.

लिंबू, मीठ, बेकिंग सोडा, टूथपेस्ट हे प्लीज करू नका. माझ्या ओळखीतल्या एकीने रोज रात्री मीठ लिंबू चोळलं, रंग तसाच राहिला आणि भुवईच्या वर काळा पट्टा उठला तो सहा महिने गेला नाही. रंग आहे आतल्या थरात, तुम्ही सोलताय वरचा थर, आणि आपल्या सावळ्या गव्हाळ कातडीला भाजलं चिरलं की डाग पडतोच. सलाईन रिमूव्हल म्हणून जे करतात त्यात मिठाचं पाणी सुईने आत सोडतात, ते वेगळं काम आहे, शिकलेल्या हाताने, दोन सिटिंगमध्ये सहा आठ आठवड्यांचं अंतर ठेवून.

मधल्या काळात दिसायचं कसं हा खरा प्रश्न, कारण अर्धवट उडालेल्या भुवया टॅटू नसलेल्यापेक्षा जास्त विचित्र दिसतात. लालसर झाक असेल तर त्याच्यावर गडद ब्राऊन फासू नका, आतून लाल डोकावतोच, त्याऐवजी राखाडीकडे झुकणारी ब्राऊन पेन्सिल घ्या, अ‍ॅश ब्राऊन म्हणून मिळते. राखाडी निळसर झालं असेल तर उलट उबदार ब्राऊन. फक्त उडालेल्या जागी केसांच्या दिशेने छोट्या रेघा मारायच्या आणि जुन्या मस्काराच्या धुतलेल्या ब्रशने विंचरायचं. थ्रेडिंगवालीला आधीच सांगा की टॅटूच्या कडेला धरून करू नको, खऱ्या केसांची लाईन धर, नाहीतर टॅटू उडाल्यावर बोडकी जागा उरते. थ्रेडिंगने रंग निघत नाही, ती भीती नको.

एक गोष्ट मात्र कुणीही सांगितली तरी करू नका. आकार चुकला म्हणून किंवा जुना रंग झाकायला कातडीच्या रंगाचं पिगमेंट वरून मारून घेणं. त्यात बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड नावाचा पांढरा रंग असतो, आणि पुढे लेझर मारला की तो फिका होण्याऐवजी काळा राखाडी पडू शकतो. आयर्न ऑक्साइडही असं गडद होऊ शकतं, म्हणून चांगला स्किन डॉक्टर आधी कोपऱ्यात एका ठिपक्यावर टेस्ट करतो आणि थांबून बघतो. टेस्ट न करता थेट दोन्ही भुवया करू म्हणणाऱ्याकडून उठून या, डोळ्याला लागून असलेली जागा आहे.

मग टचअप कधी घ्यावा? फोटोत साधारण निम्म्याहून जास्त रंग गेलेला दिसला आणि आकार तुम्हाला अजून आवडत असेल तर. रंग भरपूर असताना दर वर्षी ठरल्या तारखेला भरत राहिलं तर थरावर थर चढतात, रेघा जाऊन ठोकळा होतो, आणि तो ठोकळा मग सहजासहजी उतरत नाही. आकारच आवडत नसेल तर भरू नका, आधी उतरू द्या.

किरकोळ दोन गोष्टी. एमआरआय असेल तर टेक्निशियनला भुवयांचा टॅटू आहे म्हणून सांगा, आयर्न ऑक्साइडमुळे कधी कधी तिथे गरम किंवा चुरचुरल्यासारखं होतं, सांगितलेलं असलं की ते लक्ष ठेवतात. आणि टॅटू किंवा टचअप झाल्यावर आपल्याकडे १२ महिने रक्तदान करता येत नाही, आमच्या सोसायटीच्या शिबिरात मी रांगेत उभी राहून चहा बिस्किट न मिळता परत आलेय.

मावसबहिणीने टचअपची अपॉइंटमेंट कॅन्सल केलीय, अ‍ॅश ब्राऊन पेन्सिल मागवलीय आणि १ तारखेला फोटो पाठवणार आहे, अर्थात आठवण मलाच करावी लागणार.