पीएचपी-मायएसक्यूएल: फॉर्ममधली माहिती क्वेरीत घालताना या चुका टाळा

वसई-गोव्याकडच्या एखाद्या डिसोझांनी रोमन लिपीत ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन आडनाव भरलं आणि फॉर्मने १०६४ क्रमांकाची सिंटॅक्स एरर दिली, तर आडनावातून ते चिन्ह गाळू नका. आडनाव बरोबरच आहे. व्हेरिएबल क्वेरीच्या स्ट्रिंगला चिकटवलंय, ही चूक आहे. अपॉस्ट्रॉफीमुळे मजकूर मध्येच संपतो आणि पुढची अक्षरं आज्ञा म्हणून वाचली जातात. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून स्वतःची आज्ञा क्वेरीत घुसवण्याचा हल्ला, याच वाटेने होतं.

पीडीओमध्ये (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची सोय) क्वेरी आधी प्रिपेअर करा, माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि खरी माहिती एक्झिक्यूटला ॲरेतून द्या. प्रश्नचिन्हाभोवती अवतरणचिन्हं नकोत, नाहीतर पॅरामीटरची संख्या जुळत नाही. प्रिपेअरच्या आत पुन्हा व्हेरिएबल जोडलं तर सगळं मुसळ केरात.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते पुढे.

किती ओळी हव्यात ते सांगणाऱ्या लिमिटला प्रश्नचिन्ह दिलं की पुन्हा १०६४ येते. एक्झिक्यूटमधली प्रत्येक किंमत स्ट्रिंग धरली जाते, आणि मायएसक्यूएलसाठी पीडीओचं एम्युलेशन (किंमती पीडीओनेच क्वेरीत भरून पाठवणं) मुळातच चालू असल्याने १० हा आकडा अवतरणात जातो. तो पूर्णांकात बदलून बाइंडव्हॅल्यूने पूर्णांक म्हणूनच बांधा.

क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायची चूक जास्त फसवी, कारण एरर येतच नाही. फक्त क्रम बदलत नाही. बांधलेलं कॉलमचं नाव डेटाबेस साधा मजकूर समजतो. म्हणून चालणाऱ्या कॉलमची यादी कोडमध्येच ठेवा आणि वापरकर्त्याची निवड त्या यादीत असेल तरच यादीतलं नाव क्वेरीत घाला. चढता-उतरता क्रमही असाच तपासा.

यादीतल्या किंमतींशी जुळवणाऱ्या ‘इन’साठी ॲरेत जितके घटक तितकी प्रश्नचिन्हं लागतात. ॲरे रिकामा असेल तर क्वेरी चालवूच नका.

मराठी साइटवर हमखास होणारी चूक म्हणजे लांबी बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेनने मोजणं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ‘पुणे’ची लांबी १२ भरते. चिन्हं मोजणारं एमबी-स्ट्रलेन ४ सांगतं. मजकुराच्या व्हारचार कॉलमची मर्यादाही बाइटवर नसून चिन्हांवर असते. इमोजी ४ बाइटची, म्हणून टेबल आणि कनेक्शन दोन्हींना ४ बाइटची चिन्हं मावणारं यूटीएफ८एमबी४ द्या.

एचटीएमएलस्पेशलचार्स (खास चिन्हांचे एचटीएमएल कोड करणारं फंक्शन) माहिती साठवताना लावू नका. दाखवताना ते परत लागतं आणि ‘पाटील & सन्स’मधल्या अँडच्या चिन्हाजागी पानावर कोड दिसतो. ते फक्त एचटीएमएलमध्ये छापताना लावा, पीएचपी ८.१ पूर्वीच्या आवृत्तीत एकेरी अवतरणासाठी ईएनटी-क्वोट्स हा पर्याय स्वतः द्यावा लागतो.