घोडी विल्यावर पहिले तीन तास आणि पुढचे दहा दिवस

दिवस मोठे होऊ लागले की घोड्या विण्याचा हंगाम सुरू होतो. बहुतेक घोड्या रात्री, पागेत सामसूम झाल्यावर वितात. पाणमोट फुटल्यापासून अर्ध्या तासाच्या आत शिंगरू बाहेर येतं. मग सगळ्यांचं लक्ष शिंगराकडे जातं: तासाभरात उभं राहिलं का, दोन तासांत चीक प्यायलं का. हे बघायलाच हवं. पण नेमक्या त्याच वेळी घोडीकडे पाठ होते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आजारी पडते तेव्हा आजाराचं मूळ या पहिल्या तासांतच निघतं.

गायी-म्हशी सांभाळलेल्या माणसाची इथे हमखास चूक होते. गायीची वार, म्हणजे पोटात पिल्लाला वेढणारं आवरण, पडायला १२ तासही वाट पाहतात, त्यामुळे घोडीचीही सकाळपर्यंत पडेल असं त्याला वाटतं. घोडीला इतका वेळ देता येत नाही. तिची वार अर्ध्या तासापासून ३ तासांपर्यंत पडायला हवी. ३ तास उलटले की वार अडकली असं धरा आणि रात्र असली तरी पशुवैद्याला बोलवा. शिंगरू बाहेर आल्याची वेळ भिंतीवर खडूने लिहून ठेवा, कारण त्या धावपळीत अंदाज नेहमी चुकतो.

एवढी घाई कशासाठी? आत राहिलेली वार कुजते, गर्भाशयाला सूज येते आणि जंतूंचं विष रक्तात उतरतं. घोडीत या विषाचा मार खुरांवर बसतो. खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येते, त्यालाच लॅमिनायटिस म्हणतात. वेळेत आवरलं नाही तर खुरातलं हाड जागेवरून सरकतं. गर्भाशय बरं झालं तरी घोडी पायांनी कायमची अधू होऊ शकते.

लोंबणारी वार हाताने ओढू नका, तिला दगड-विटेचं वजन तर मुळीच बांधू नका. ओढल्याने ती फाटते आणि तुकडा आत राहतो, रक्तस्राव होतो, कधी गर्भाशयच बाहेर येतं. त्याऐवजी लोंबणारा भाग गुंडाळून गुडघ्याच्या वर राहील असा बांधा, म्हणजे घोडीचा पाय त्यावर पडणार नाही. शिंगराला पिऊ द्या. कास चोखली गेली की गर्भाशय आवळतं आणि वार सुटायला मदत होते. पशुवैद्य ऑक्सिटोसिनही याच कारणाने देतात, तेही कमी मात्रेत आणि थोड्या थोड्या अंतराने. हे इंजेक्शन आपल्या मनाने टोचू नये. जास्त मात्रेने घोडीला जोराच्या कळा येतात.

वार पडली म्हणजे काम संपलं असं नाही. ती लगेच पुरू नका, कुत्र्यांपासून लांब, झाकलेल्या बादलीत ठेवा. नंतर धुऊन स्वच्छ जागी पसरा. मधला मोठा भाग आणि त्यातून निघालेली दोन शिंगं दिसतील: शिंगरू वाढलं ते शिंग मोठं आणि जाड, दुसरं आखूड, सुरकुतलेलं. दोन्ही शिंगांची टोकं शाबूत हवीत. शिंगरू ज्या वाटेने बाहेर आलं तेवढंच एक भोक असावं. आत राहणारा तुकडा बहुतेक वेळा त्या लहान शिंगाच्या टोकाचाच असतो. तळहाताएवढा तुकडासुद्धा पूर्ण वारेइतकाच घातक ठरतो. शंका आली तर वार तशीच ठेवून पशुवैद्यांना दाखवा.

विल्यानंतर थोडी पोटदुखी होतेच. घोडी पायाने जमीन उकरते, कुशीकडे बघते, शिंगरू पिऊ लागलं की जरा अस्वस्थ होते. हे तासा-दोन तासांत थांबतं. न थांबणाऱ्या दुखण्यात मात्र तिचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली की २ सेकंदांत रंग परत येतो. हिरड्या पांढुरक्या, अंगाला गार घाम, नाडी जलद, घोडी थरथरते आहे, असं दिसलं तर गर्भाशयाकडे जाणारी रक्तवाहिनी फुटली असण्याची शक्यता असते. वय झालेल्या, अनेकदा विलेल्या घोड्यांत हा धोका जास्त. अशा घोडीला फिरवू नका, गाडीत चढवू नका. उजेड कमी करा, गर्दी हटवा, शिंगरू जवळच राहू द्या. तिचा रक्तदाब वाढू नये हेच तेव्हाचं सगळ्यात मोठं औषध आहे. पशुवैद्य येईपर्यंत दुखणं थांबवणारं काही देऊ नका, त्याने लक्षणं झाकली जातात.

पुढचे पाच-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. थर्मामीटर पागेतच टांगलेला असावा. घोडीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. ते वर गेलं, चारा टाकला, स्राव घाण वास मारू लागला, तर थांबू नका. विना वासाचा तांबूस-तपकिरी स्राव काही दिवस चालतो, त्याची काळजी नाही. रोज घोट्याच्या मागे बोटं ठेवून नाडीही चाचपा. ती जोरात उडताना लागली आणि खुरं गरम वाटली तर ती लॅमिनायटिसची चाहूल असते. ताप आणि मलूलपणा गर्भाशय आतून फाटल्यामुळेही येतो, आणि ते फाटणंही एक-दोन दिवसांनीच कळतं.

पहिलारू घोडीच्या योनीमार्गाला चीर पडली आहे का ते पहिल्याच सकाळी बघा. लीद योनीतून येत असेल तर चीर गुदद्वारापर्यंत गेलेली असते. ती लगेच शिवत नाहीत, सूज उतरायला महिनाभर तरी जाऊ देतात. धनुर्वाताच्या लसीचं मात्र त्याच दिवशी विचारा. गर्भाशय बाहेर आलंच तर ते स्वच्छ ओल्या चादरीत घेऊन दोघांनी उचलून धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही.

दूध चालू असलेल्या घोडीची भूक आणि तहान खूप वाढते. ५०० किलोची घोडी दिवसाला १० ते १५ लिटर दूध देते. पाणी सतत समोर हवं. खुराक मात्र एकदम वाढवू नका, आठवडा-दहा दिवसांत हळूहळू चढवा. विल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मोठ्या आतड्याला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो पोटशूळ काही तासांत जीव घेतो. घोडी लोळण घेऊ लागली आणि पोट फुगलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. खूप दूध देणाऱ्या घोडीचे स्नायू फडफडू लागले, चाल ताठ झाली तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. ते सलाईनमधून सावकाश द्यावं लागतं, आणि ते पशुवैद्यांनीच द्यायचं.

साधारण ७ ते १२ दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. जिची वार सहज पडली, ताप आला नाही, स्राव थांबला, तिला तपासणी करून दहाव्या दिवसानंतर घोडा दाखवायला हरकत नसते. जिची वार अडकली, जी अडून विली किंवा जिला चिरा पडल्या, तिला या माजावर फळवू नका. गर्भाशयाला पूर्ववत व्हायला दोन आठवडे तरी लागतात. पुढचा माज तीनेक आठवड्यांनी येतो, तोवर थांबा आणि गर्भाशय तपासून घ्या.