कलनशास्त्र पुन्हा शिकताना
विकलन (डिफरन्सिएशन) आणि संकलन (इंटिग्रेशन) आधी एकदा शिकून झाले असेल, तर महाविद्यालयातील कलनशास्त्राचे (कॅल्क्युलसचे) पहिले काही आठवडे सोपे वाटतात, आणि नेमक्या याच काळात सीमा (लिमिट) व सातत्य ही प्रकरणे वरवर चाळून पुढे जाण्याचा मोह टाळावा. प्रकरण वाचण्यापूर्वी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर व्याख्या लिहावी आणि तिच्यावरूनच एखादे परिचित सूत्र सिद्ध करावे. जिथे हात अडेल, तिथून अभ्यास सुरू करावा. उदाहरणार्थ, क्ष शून्याकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष याची सीमा १ येते, हे अनेक जण लोपितालच्या नियमाने, म्हणजे अंश व छेद यांचे वेगवेगळे विकलन करून सीमा काढण्याच्या रीतीने, दाखवतात. परंतु त्यासाठी लागणारे साइनचे विकलन मुळात याच सीमेवर उभे असते, त्यामुळे ती सिद्धता ठरत नाही. एवढा एक मुद्दा नीट उमगला, तरी माझ्या मते या प्रकरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तसेच क्षचे केवल मूल्य हे फल (फंक्शन) शून्यापाशी संतत असूनही विकलनीय का नाही, हे विकलनाच्या व्याख्येतील गुणोत्तराच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या सीमा काढून स्वतः पडताळावे. सूत्रे पाठ असल्यास त्यांच्या सरावाला थोडाच वेळ पुरतो. साखळी नियम (फलाच्या आत फल असताना विकलन करण्याचा नियम) आणि त्रिकोणमितीची सूत्रे मात्र सुरुवातीलाच उजळून घ्यावीत.