यूएसबी पोर्टवरील ‘पॉवर सर्ज’ची सूचना: माझा अनुभव

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर ‘यूएसबी पोर्टवर पॉवर सर्ज’ (म्हणजे पोर्टमधून मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढली जात आहे) अशी सूचना वारंवार झळकू लागली आणि बाह्य हार्ड डिस्क टक्-टक् आवाज करून मध्येच बंद पडू लागली. ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्यात अख्खी संध्याकाळ गेली, पण उपयोग शून्य. मग हिशेब मांडला: यूएसबी 2.0 पोर्टची प्रमाणित मर्यादा 500 मिलिअँपिअर, 3.0 ची 900, आणि मी तर एकाच साध्या हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे, पण वीज त्याच पोर्टमधून घेणारे उपकरण) हार्ड डिस्क, माउस व चार्जिंगचा फोन असे सारे लटकवले होते. डिस्क थेट लॅपटॉपला जोडताच ती नीट चालू लागली. सूचना मात्र येतच राहिली, तीही पोर्ट रिकामे असताना! शेवटी लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर एका पोर्टमधील कडेची बारीक पट्टी वाकून बाहेरच्या धातूच्या कवचाला टेकलेली होती, म्हणजे शॉर्ट सर्किटच. लाकडी टूथपिकने ती अलगद सरळ केली. सूचना थांबली. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर या सेटिंगमधून ती नुसती दडपण्याचा सल्लाही मला मिळाला होता, पण तो मला शुद्ध अविचार वाटतो. हार्ड डिस्क आता स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असलेल्या हबवर चालते.