काँग्रेस गवताच्या सीझनमधे नाकासाठी काय घ्यायचं, काय नको

पाऊस ओसरला की आमच्या बेळगाव-खानापूरकडं सुगी आणि शिंका एकदमच येतात. मोकळ्या प्लॉटमधे काँग्रेस गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं, त्यात मळणीची धूळ, आणि शेजारची आक्का दारातूनच, "काय ओ, परत सुरू झालं काय?" मग जो भेटेल तो एक पाला सांगतो. एका वर्षी मी काढा, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल सगळं एकदम सुरू केलं, पोट बिघडलं, आणि कशानं बिघडलं तेच कळेना. म्हणून एका वेळी एकच घ्या, दोन-तीन आठवडे बघा, आणि शिंका किती, झोप कशी लागली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पण त्याच्याआधी नाक धुवा. हे सप्लिमेंट नाही, तरी फरक इथंच जास्त पडतोय. उकळून कोमट केलेलं पाणी एक कप, त्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ, बाहेरून आलं की दोन्ही नाकपुड्या. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही हं.

आता नेटवर सगळ्यात जास्त नाव ऐकायला येतं ते बटरबर या परदेशी औषधी झाडाचं. 2002 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ट्रायलमधे त्याचा परिणाम सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीच्या जवळपास दिसला होता, म्हणून लोक ऑनलाइन मागवतात. पण त्या झाडात लिव्हरला मारक अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात, ती काढलीत असं लिहिलेल्या गोळ्यांनीपण लिव्हरचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आणि गंमत म्हणजे बटरबर काँग्रेस गवताच्याच कुळातलं, झेंडू-शेवंतीचं खानदान. ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच भाऊबंद पोटात कशाला घालायचा? कॅमोमाइल चहा आणि एकिनेशिया ही औषधी वनस्पतीपण त्याच घरातले, तेव्हा जपून.

क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य कांद्यात असतंय, 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. टेस्टट्यूबमधे हिस्टामिन, म्हणजे शिंका-खाज आणणारं द्रव्य, सुटणं कमी करतं हे खरं, माणसात पुरावा तोकडाच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला न विचारता नको.

अडुळसा मात्र आपला, परड्यात कुंपणाला असतोयच. त्यातल्या वॅसिसिन नावाच्या द्रव्यावरूनच खोकल्याचं ब्रोमहेक्सिन औषध तयार झालंय. पण हा कफाचा गडी, नुसतं पाणी गळणाऱ्या नाकाला त्याचा उपयोग नाही. गरोदर बाईनं अजिबात घ्यायचा नाही. ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं, पण रोज खाल्लं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, बीपीवाल्यांनी लांबच राहा.

बाजारात बाई अमृतबळ्ळी म्हणून देते ती गुळवेल. 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानं लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, दुसरीच सारखी दिसणारी वेल असेल म्हणाले. दोघांपैकी कोण बरोबर ते राहू दे, पण झाडावरची वेल ओरबाडून काढा करायचा नाही एवढं तरी त्यातनं घ्या. हळद आमटीत, दुधात चालतेय, मिऱ्याचा अर्क घातलेल्या जास्त पॉवरच्या कॅप्सूल नको, त्यानंपण लिव्हरच्या तक्रारी आल्यात.

डबा घेताना 14 आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबर किंवा आयुर्वेदिक औषधाचा लायसन्स नंबर बघा, सुटी पूड नको. डॉक्टरनं दिलेला पंप आणि गोळी मनानं बंद करायची नाही. छातीत शिट्टी वाजायला लागली, ओठ सुजले, तर काढा उकळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि घरासमोरचं काँग्रेस गवत फुलं यायच्या आधीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातात ग्लोव्हज, तोंडाला रुमाल, अंगभर कपडे. उघड्या हातानं उपटलात तर शिंका राहतील बाजूला आणि कातडीला खाज सुटेल ती वेगळीच.