रोगजनक जिवाणू आणि पेशीतील संदेशवहन : नवागतांसाठी काही अनुभव

रोगजनक जिवाणूंवर संशोधन करू इच्छिणारे आपल्याकडील बरेच विद्यार्थी सूक्ष्मजीवशास्त्रातून येतात. जिवाणू त्यांच्या परिचयाचा असतो, पण तो ज्या पेशीत शिरतो तिचे अंतर्गत व्यवहार मात्र पाठ्यपुस्तकातील एकदोन आकृत्यांपुरतेच ठाऊक असतात. मीही याच वाटेने आलो. किनेज (प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी), फॉस्फटेज (ते फॉस्फेट काढणारी) आणि जीटीपीएज (जीटीपी हा रेणू धरला की चालू आणि त्याचा जीडीपी झाला की बंद होणारी) या तीन प्रथिनकुळांचे काम आधी पक्के समजून घ्यावे, असे आता मी प्रत्येकाला सांगतो. जिवाणूंच्या इफेक्टर प्रथिनांची (यजमान पेशीत शिरून तिचे व्यवहार बदलणाऱ्या प्रथिनांची) नावे पाठ करण्यात त्यामानाने फारसा लाभ नाही.

त्यानंतर साल्मोनेलाचे एकच उदाहरण मुळापासून वाचावे. सुईसारख्या टाइप थ्री स्रावयंत्रणेतून हा जिवाणू आपली प्रथिने थेट यजमान पेशीत सोडतो. त्यांपैकी सॉप-ई हे प्रथिन रॅक-१ आणि सीडीसी-४२ या जीटीपीएजना जीडीपी सोडून जीटीपी धरायला लावते, म्हणजेच त्यांना चालू करते. त्यामुळे अ‍ॅक्टिनची (पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनाची) नव्याने जुळणी होते, पेशीपटल उसळते आणि जिवाणू आत ओढला जातो. हेच काम करणारी पेशीची स्वतःची प्रथिने असतात, पण सॉप-ईची अमिनो आम्लांची क्रमवारी त्यांच्याशी जुळत नाही. पुढे त्याच सुईतून आलेले एसपीटीपी हे प्रथिन त्याच जीटीपीएजना बंद करते आणि पेशी पूर्ववत होते. परस्परविरोधी असलेली ही दोन प्रथिने एकमेकांचे काम निष्फळ का करत नाहीत, याचा उलगडा कुबोरी आणि गालान यांनी २००३ मध्ये केला : सॉप-ईला पेशीचा प्रोटिअसोम (नको असलेली प्रथिने तोडणारी यंत्रणा) लवकर नष्ट करतो, एसपीटीपी मात्र अधिक काळ टिकते. वेळ सांभाळण्याचे कामही जिवाणूने यजमानाकडूनच करवून घेतले आहे!

म्हणून संसर्गानंतर एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावर मी विश्वास ठेवत नाही. पहिल्या काही मिनिटांपासून पुढे अनेक टप्प्यांवर नमुने घ्यावेत. पेशींच्या पोषक द्रावणातील सिरममुळेच एमएपी किनेज (बाहेरचा संदेश आत पोहोचवणारी किनेजची साखळी) जागे होतात, त्यामुळे पेशी आधी काही तास सिरमविना ठेवाव्यात. आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) फॉस्फटेज रोधके न चुकता घालावीत. येर्सिनिया या जिवाणूवर काम करताना तर हे फारच आवश्यक आहे, कारण त्याचे योप-एच हे स्वतःच अत्यंत प्रभावी टायरोसीन फॉस्फटेज (टायरोसीन या अमिनो आम्लावरील फॉस्फेट काढणारे) आहे आणि पेशी फुटल्यावरही नमुन्यात ते काम करत राहू शकते.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फोरिलेटेड, म्हणजे फॉस्फेट बसलेल्या, एर्क या एमएपी किनेजचा पट्टा दिसेनासा झाला, की नवखा विद्यार्थी लगेच फॉस्फटेजचे नाव घेतो. ही घाई टाळावी. येर्सिनियाचे योप-जे वरच्या किनेजवरील (एर्कवर फॉस्फेट बसवणाऱ्या एमईकेवरील) सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर अ‍ॅसिटिल गट बसवते, त्यामुळे तेथे फॉस्फेटला जागाच उरत नाही आणि संदेश एर्कपर्यंत पोहोचत नाही. शिगेला या जिवाणूचे ऑस्प-एफ त्याहून कठोर आहे. ते थ्रिओनीनवरील फॉस्फेट अशा रीतीने तोडते की तेथील ऑक्सिजनही निघून जातो आणि फॉस्फेट पुन्हा बसूच शकत नाही. फॉस्फटेज, योप-जे किंवा ऑस्प-एफ, पट्टा तिन्ही प्रसंगी सारखाच नाहीसा होतो. अशा वेळी शुद्ध केलेल्या इफेक्टरची एर्कवर प्रक्रिया करून, इफेक्टर काढून टाकून, सक्रिय एमईके पुन्हा घालून पाहावे : फॉस्फटेज असेल तर पट्टा परत येतो, ऑस्प-एफ असेल तर येत नाही.